पावसाळ्यात कळसूबाई एका दिवसात: ट्रेक ग्रुपसोबत जाताना कुठे चुकतं

कळसूबाई 1646 मीटर उंच आहे. पायथ्याच्या बारी गावातून चढ साधारण नऊशे मीटरचा. वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या, कठडे. त्यामुळे "सोपा ट्रेक" म्हणून पहिल्यांदा डोंगरात जाणारे हजारो लोक जुलै-ऑगस्टमध्ये इथे येतात. कोरड्या दिवसात तो सोपा आहेही. धुक्यात, वाऱ्यात आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत तो वेगळाच होतो. चुका चढताना फारशा होत नाहीत. त्या होतात निघण्याआधीच्या चार दिवसांत आणि उतरतानाच्या तीन तासांत. म्हणून पुढच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## 1. दिवस ठरवा, पण आधी अपेक्षा ठरवा

जुलै आणि ऑगस्टमध्ये माथा बहुतेक वेळ ढगात असतो. दहा फुटांवरचा माणूस दिसेनासा होतो आणि भंडारदरा धरणाचं पाणी, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले वगैरे काहीही दिसत नाही. धुकं, वारा, ओला कातळ हेच अनुभवायचं असेल तर हे दोन महिने योग्य. दृश्य हवं असेल तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर धरा. तेव्हा दुपारनंतर विजांचा धोका असतो, त्यामुळे पहाटेच चढायला सुरुवात करायची. जूनचा पहिला पंधरवडाही विजांचाच.

वार शक्यतो सोमवार ते शुक्रवार. रविवारी आणि 15 ऑगस्टच्या आसपास शिड्यांखाली रांग लागते, आणि ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभं राहणं हा या ट्रेकमधला सर्वात थकवणारा भाग आहे. नोकरीमुळे रविवारच शक्य असेल तर पहाटे साडेपाचला चालायला लागणारा ग्रुप निवडा. आठला निघणारा नको.

## 2. ग्रुप पारखून घ्या

इन्स्टाग्रामवरचं पोस्टर कोणीही बनवू शकतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी फोन करा. व्हॉट्सॲपवर नाही, फोनच. आणि हे विचारा:

- राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक मागा.
- एकूण माणसं किती आणि लीडर किती? दहा जणांमागे एक लीडर ठीक. पन्नास जणांच्या बसमागे दोन असतील तर धुक्यात ते दोघे काहीच करू शकत नाहीत.
- सर्वात शेवटी चालणारा लीडर ठरलेला आहे का, आणि तो कोण?
- बारीतला स्थानिक वाटाड्या सोबत घेणार का?
- प्रथमोपचाराची पेटी, दोर, जादा टॉर्च कोणाच्या पाठीवर असतील? "बसमध्ये आहे" हे उत्तर चालत नाही.
- परत फिरण्याची वेळ काय ठरली आहे?
- बंदी आली किंवा रेड अलर्ट आला तर पैशांचं काय?

शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. ज्याच्याकडे परतीची वेळ ठरलेली नाही, तो गट दमलेला असतानाही माथ्यापर्यंत ओढत नेतो. आणि ज्याच्याकडे पैसे परत करण्याचा किंवा तारीख बदलून देण्याचा नियम नाही, त्याला ट्रेक रद्द करणं परवडत नाही. वाईट हवामानातल्या बऱ्याच वाईट निर्णयांची सुरुवात इथे होते.

तुमच्याकडूनही खरी माहिती द्या. दमा, रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचं जुनं दुखणं, उंचीची भीती, जे असेल ते नाव नोंदवतानाच सांगा. उंचीची भीती लपवणारा माणूस शिडीच्या मध्यावर थांबतो, आणि मग खालचे तीस जण थांबतात.

तपासा: लीडरचा नंबर, गाडीचा नंबर आणि परत येण्याची अंदाजे वेळ घरी कोणाकडे तरी लिहून ठेवली का?

## 3. हवामान आणि बंदीचा आदेश: चार दिवस आधीपासून

इथे एक चूक हमखास होते. बारी अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. लोक जिल्ह्याचा अंदाज पाहतात, त्यात "हलका पाऊस" दिसतो आणि निर्धास्त होतात. पण जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. कळसूबाई त्याच्या पार पश्चिम टोकाला, घाटमाथ्याजवळ, इगतपुरी तालुक्याच्या हद्दीवर. नगर शहरात ऊन असताना इथे धो-धो कोसळत असतो. म्हणून हवामान विभागाचा नाशिकच्या घाट विभागाचा इशारा पाहा. त्यासोबत इगतपुरी आणि भंडारदरा परिसरात आदल्या दोन दिवसांत किती पाऊस झाला तेही बघा, कारण ओढ्याचं पाणी आजच्या पावसापेक्षा कालच्या पावसावर जास्त ठरतं.

इशाऱ्याच्या रंगावरून निर्णय असा घ्या:

- यलो: जाता येतं, तयारीनिशी.
- ऑरेंज: नवखे, मुलं आणि ज्येष्ठ यांनी तारीख बदलावी. हवामान विभागाच्या भाषेत 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर म्हणजे "अति जोरदार" पाऊस. एवढ्या पावसात शिड्यांच्या बाजूने पाण्याचे लोट येतात.
- रेड: रद्द. यावर चर्चा नको.

विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" ॲप फोनमध्ये घाला. पाऊस नसला तरी ते निघण्याआधी पाहायचं.

दुसरी गोष्ट बंदीची. पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली पर्यटनस्थळांवर मनाई लागू करतात, कधी फक्त शनिवार-रविवारी. शिवाय हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाचा आदेशही लागू होतो. आदेश आदल्या दिवशी संध्याकाळीही निघू शकतो. ग्रुपने "आपण लवकर पोहोचू, कोणी अडवणार नाही" असं म्हटलं तर त्या ग्रुपसोबत जाऊ नका. बंदीत काही झालं तर मदतीलाही उशीर होतो.

## 4. कपडे आणि पिशवी

### अंगावर

जीन्स नको, सुती टी-शर्टही नको. कापूस पाणी धरून ठेवतो. माथ्यावर बारीपेक्षा तापमान पाच-सहा अंशांनी कमी असतं, त्यात वारा. ओल्या सुती कपड्यांत पंधरा-वीस मिनिटं बसलं की दात वाजायला लागतात. खेळाडू घालतात तसा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि लवकर वाळणारी ट्रॅक पँट पुरेशी आहे, महागडं काही घ्यायची गरज नाही.

पाऊस अडवायला जॅकेट घ्या. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, सपाट वाटेवर छान, पण शिडीवर वाऱ्याने तोंडावर येतो आणि पायाखाली अडकतो. छत्री घरीच ठेवा. तसं तर पाच तास चालल्यावर कोणतंही जॅकेट आतून भिजतंच. जॅकेट वारा अडवण्यासाठी असतं, कोरडं राहण्यासाठी नाही हे एकदा मान्य केलं की बरंच सोपं होतं.

बूट जुने पण खोल खाचांचे. नवे बूट आधी किमान दोन आठवडे रोज घालून चाला. पळण्याचे गुळगुळीत तळव्याचे बूट, क्रॉक्स, सँडल यांवर शेवाळलेल्या कातळात पकड राहत नाही. एक छोटी युक्ती: तळव्याला अंगठ्याने दाबून पाहा. रबर दगडासारखं कडक झालं असेल तर खाचा कितीही खोल असोत, ते बूट ओल्या दगडावर घसरणार. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बुटांचा सोल चालता चालता निघूनही येतो, तेव्हा बाजूने ओढून पाहा.

पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना बोटं बुटावर आदळून नखं काळी पडतात ती याच कारणाने.

### पाठीवर

20 ते 25 लिटरची दोन्ही खांद्यांवर अडकणारी सॅक. एका खांद्याची झोळी किंवा हातातली पिशवी नको, शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी आत जातंच. सॅकच्या आत कचऱ्याची जाड मोठी पिशवी अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान त्यात भरा.

- पाणी 2 लिटर. गारव्यात तहान कळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला चार घोट ठरवून प्या.
- ओआरएसच्या दोन मोठ्या पुड्या. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये दाट करून प्यायल्याने फायदा होत नाही, उलट मळमळतं.
- खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे. ओल्या हातांनी, उभ्या उभ्या खाता येईल असंच.
- डोक्याला लावायचा टॉर्च, नव्या सेलसह. "दिवसाचा ट्रेक आहे" म्हणून लोक हाच वगळतात.
- शिट्टी.
- एक कोरडा जाड टी-शर्ट किंवा स्वेटर, वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून. हा फक्त माथ्यावर किंवा कोणी गारठलं तरच काढायचा.
- स्वतःची रोजची औषधं, बँडेज, क्रेप पट्टी.
- सुटे पैसे. प्रवेश, पार्किंग, चहा, सगळीकडे रोख लागू शकते. नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.

पूर्ण कोरडे कपडे, टॉवेल आणि चपला वेगळ्या पिशवीत बसमध्ये ठेवा. वर नेऊ नका.

फोनवर वाटेचा ट्रॅक आणि ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून घ्या. चालायला लागल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाका. नेटवर्क शोधत राहिला तर दुपारपर्यंत बॅटरी संपते.

तपासा: सॅक भरून झाल्यावर तिच्यासह घरातला जिना दहा वेळा चढून उतरा. काही टोचत असेल, लोंबत असेल तर ते इथेच कळू दे.

## 5. रात्रीचा प्रवास

मुंबईहून कसारा-इगतपुरी-घोटीमार्गे बारी साधारण 150 किलोमीटर, पुण्याहून नारायणगाव-संगमनेर-अकोले-राजूरमार्गे 170-180. पुण्याचे ग्रुप रात्री अकराच्या सुमारास निघतात आणि पहाटे पोहोचतात. मुंबईकर शेवटच्या कसारा लोकलने येऊन पुढे जीप करतात.

बसमध्ये अंताक्षरी रंगते आणि झोप जाते. झोपेशिवाय चढलेला माणूस चढताना दमतो आणि उतरताना पडतो. निघाल्यावर तासाभरात दिवे बंद करायला लीडरला आधीच सांगून ठेवा. गाडी लागत असेल तर गोळी बसमध्ये चढण्यापूर्वी घ्या, उलटी आल्यावर नाही. दारू प्यायलेला कोणी असेल तर त्याला वर नेऊ नये हे सांगायलाच लागतं, इतकं हे वारंवार घडतं.

## 6. बारीत: चालायला लागण्याआधीची वीस मिनिटं

नाश्त्याला पोहे किंवा उपमा, अर्धं पोट. मिसळ परतल्यावर. शौचाची सोय गावातच उरकून घ्या.

मग लीडरने मोजणी करायची आणि प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून द्यायचा. दोघांनी पूर्ण वेळ एकमेकांवर लक्ष ठेवायचं. धुक्यात लीडरला तीस डोकी मोजता येत नाहीत, पण प्रत्येकाला एक डोकं सांभाळता येतं. लीडर हे करत नसेल तर तुम्हीच सुचवा.

परतीची वेळ इथेच सर्वांसमोर जाहीर व्हायला हवी. साडेपाच-सहाला निघालेल्या गटासाठी दुपारी बारा. बाराला जिथे असाल तिथून मागे. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो, पण ढगात सहालाच अंधारून येतं आणि गर्दीत शिड्यांवर दीड तास सहज जातो.

## 7. चढाईचा पहिला भाग

गावातून वाट ओढा आणि भातखाचरांमधून निघते. खाचरात पाय टाकू नका, लावणी झालेली असते. बांधावरून एका ओळीत चाला, बांध ढासळू देऊ नका. हे कोणाचं तरी वर्षभराचं पीक आहे.

ओढा ओलांडताना एखादा ठळक दगड हेरून पाणी त्यावर कुठपर्यंत आहे ते पाहून ठेवा, किंवा फोटो काढा. संध्याकाळी हीच खूण लागेल. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर ओलांडू नका.

पहिला पाऊण तास मुद्दाम हळू. बोलता बोलता चालता यायला हवं. सुरुवातीलाच धावणारे शिडीपाशी फिके पडलेले दिसतात. दर 45-50 मिनिटांनी पाच मिनिटं थांबा. पावसात त्याहून जास्त थांबलं की अंग गार पडतं आणि पुन्हा चालायला दुप्पट कष्ट होतात. वाटेत झोपड्यांमधून लिंबू सरबत, काकडी, चहा मिळतो, पण पावसाच्या जोरात त्या बंदही असतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर पाणी कमी घेऊ नका.

सावध: पायऱ्यांच्या कडेचा हिरवट-काळा थर म्हणजे शेवाळ. पाऊल सपाट आणि पूर्ण टेका. टाच आधी टेकली की घसरलाच. कठड्यावर सगळा भार टाकण्याआधी तो हलवून पाहा.

## 8. शिड्या

इथे पाच मिनिटं घाई करण्यापेक्षा वीस मिनिटं थांबणं बरं. शिडीला हात लावण्याआधी:

1. सॅकचे पट्टे आवळा, लोंबणारं सगळं आत घाला.
2. पोंचो असेल तर कमरेला खोचा किंवा काढा.
3. काठी मिटवून सॅकमध्ये. हातात धरून चढू नका.
4. फोन खिशात. शिडीवर सेल्फी काढणारा माणूस एका हाताने लटकत असतो, हे त्याला फोटोत दिसत नाही.

चढताना तीन आधार कायम: दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय. पावलाचा मधला भाग पायरीवर टेका, नुसती बोटं नकोत. पुढच्या माणसात आणि तुमच्यात चार-पाच पायऱ्यांचं अंतर ठेवा, नाहीतर त्याचा बूट तुमच्या बोटांवर येतो. वरचे-खालचे समोरासमोर आले तर एक बाजू पूर्ण मोकळी होईपर्यंत दुसरीने थांबायचं. दोन्ही बाजूंच्या लीडरनी मिळून "आता दहा वर, मग दहा खाली" असं ठरवलं की रांग लवकर सरकते.

कोणी मध्येच घाबरला तर खालून ओरडून धीर देऊ नका. एकच माणूस, त्याच्या अगदी खालच्या पायरीवर राहून, शांत आवाजात एकेक पाऊल सांगेल. बाकीचे गप्प.

सावध: गडगडाट ऐकू आला की शिडीवर आणि कठड्याला हात नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर ती जवळ आहे. डोंगराच्या धारेवरून, उघड्या माथ्यावरून आणि लोखंडापासून दूर व्हा. विखरून, उकिडवे बसा. एकट्या झाडाखाली जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच हाला.

## 9. माथ्यावर

शेवटच्या शिडीखाली, विहिरीजवळ थोडी सपाटी आहे. मोजणी इथे करा, माथ्यावर नाही. माथा छोटा, देऊळ त्याहून छोटं, आणि वारा असा की हाका पोहोचत नाहीत. कोरडा कपडा अंगावर चढवा, दर्शन घ्या, काहीतरी गोड खा, वीस मिनिटांत खाली. कड्याच्या बाजूला धुकं असताना कडा दिसत नाही, एवढंच लक्षात ठेवा. धुकं विरळ होईल म्हणून तासभर बसणारे गारठून उतरतात.

## 10. उतरणं

मांड्या थकलेल्या, लक्ष सैल, आणि "झालं आता" ही भावना. उतरण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी आवळून बांधा, म्हणजे बोटं पुढे आदळणार नाहीत. शिडीवरून तोंड शिडीकडे करून उतरा. पायऱ्या उतरल्यासारखं तोंड बाहेर करून उतरणाऱ्यांची सॅक पायरीला अडकते आणि तोल पुढे जातो.

वाटेवर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकवलेले. मुरमाड घसाऱ्यावर मागे झुकू नका. मागे झुकलं की पाय पुढे सुटतात. पडायचीच वेळ आली तर बसा, हात मागे टेकू नका. मनगट मोडतं ते त्यामुळे.

धुक्यात वाट चुकण्याच्या जागाही उतरतानाच्याच. माथ्यावरून इंदोरे गावाकडेही वाट जाते, तेव्हा निघताना दिशा लीडरकडून पक्की करून घ्या. खालच्या टप्प्यात गुरांच्या ढोरवाटा मुख्य वाटेला फुटतात आणि सुरुवातीला तितक्याच मळलेल्या दिसतात. पायऱ्या, कठडा, रॅपर यांपैकी काहीच दहा मिनिटांत दिसलं नाही तर बहुधा तुम्ही ढोरवाटेवर आहात. आलात तसेच मागे फिरा. आडवं कापून मुख्य वाट गाठायचा प्रयत्न करू नका.

तपासा: ओढ्यापाशी सकाळची खूण पाहा. पाणी चढलं असेल तर थांबा. पाऊस ओसरला की असे ओढे बहुधा तास-दोन तासांत उतरतात. वाट पाहून गेलेला उशीर परवडतो.

## 11. गटापासून सुटलात तर

थांबा. चालत राहणं ही सर्वात मोठी चूक, कारण शोधणारे शेवटच्या ठिकाणापासून शोधतात. कोरडा कपडा घाला, सॅकवर बसा, आणि मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तराच्या शिट्ट्या तीन असतात. धुक्यात आवाज कुठून येतो ते नीट कळत नाही, म्हणून उत्तर आलं तरी त्या दिशेने धावू नका, त्यांना येऊ द्या. नेटवर्क असेल तर 112, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक. तो घरूनच फोनमध्ये साठवून ठेवलेला असावा.

कोणी सतत कापतो आहे, बोलणं अडखळतं आहे, किंवा कापणं अचानक थांबून तो सुस्त झाला आहे, तर तो गारठला आहे. ओले कपडे काढून कोरडे घाला, वाऱ्याआड न्या, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका आणि दारू तर अजिबात नको.

## 12. बसपाशी

शेवटची मोजणी झाल्याशिवाय बस हलू नये. ओले कपडे आणि मोजे लगेच बदला, मग जेवण. पायांना खरचटलं असेल तर साबणाने धुऊन पट्टी करा. आणि पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत कळ, डोळे लाल असं काही झालं तर अंगावर काढू नका. लेप्टोस्पायरोसिस खाचरातल्या पाण्यातून होऊ शकतो, आणि ओल्या भातशेतीतून चाललो होतो हे तुम्ही सांगितल्याशिवाय शहरातल्या डॉक्टरांना कळणार नाही.